शाळा लागू पडली

“इंग्रजी शाळेतली हाय ती. म्हणून तोंड उघडत नाय,” कौसाबाई म्हणाली.

ती माझ्याबद्दल बोलत होती आणि मी तिच्यापासून दोनच ओळी अलीकडे, कपाशीच्या झाडाआड वाकलेली होते. मला ऐकू येणार नाही असं तिला वाटलं असेल. किंवा ऐकू आलं तरी काही बिघडत नाही असं वाटलं असेल, कारण बोलण्यात टोमणा नव्हता. कौतुक होतं.

“नायतर माझी पोरगी बगा,” पलीकडून लता म्हणाली. “तिचं तोंडच मिटत नाय. झोपंत सुदिक बडबडती.”

“शिकलेल्या मानसाला बोलायची गरज पडत नाय,” कौसाबाईने निकाल दिला. ओटीतला कापूस मुठीने खाली दाबला आणि पुढच्या झाडाला हात घातला.

मी बोंडातला कापूस ओढत राहिले. त्या वर्षी बोंडं लहान होती, पाण्याविना आवळलेली, त्यातून कापूस सहज सुटत नव्हता. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचत. न बोलता राहून मी कौसाबाईचं म्हणणं खरंच करत होते.

पिशोरच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमच्या काकांची वस्ती आहे. दिवाळीच्या तोंडावर काकूचा हात मोडला, ऐन वेचणीत. कॉलेजला सुट्टी लागली होती, म्हणून बाबांनी मला तिच्या मदतीला पाठवलं. स्वयंपाक मला फारसा येत नव्हता. काकू प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन चुलीजवळ बसायची आणि मला सांगायची, मी करायचे. दुपारी डबे घेऊन वावरात जायचे आणि परत यायला नको वाटायचं, म्हणून तिथेच एखादी ओळ धरायचे. वेचणाऱ्या बाईने धरलेल्या ओळींना पात म्हणतात. माझी पात सगळ्यात मागे असायची. पुढे गेलेल्या बायका आपली पात संपवून उलट्या माझ्याकडे येत, वाटेतलं माझं राहिलेलं वेचत, आणि काही न बोलता मला बरोबरीला आणून सोडत.

गप्प राहण्याची सवय मला लहानपणापासूनची. शहरातल्या शाळेत टीचरना वाटायचं, घरी मराठी बोलतात म्हणून ही वर्गात बोलत नाही. वस्तीवरच्या बायकांना वाटायचं, शाळेत इंग्रजी बोलतात म्हणून ही इथं बोलत नाही. दोन्हीकडे लोकांना कारण सापडलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं कोण जाणे.

त्याला काही वर्षं झाली; यंदा पुन्हा तसंच कोरडं वर्ष आहे. श्रावण कोरडा गेला आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवर निळे ड्रम परत आले. बायपासच्या पलीकडे आम्ही राहायला आलो तेव्हा गॅलरीतून ज्वारी दिसायची. मग प्लॉट आखणारे रंगवलेले दगड आले, दगडांच्या जागी भिंती आल्या. आता दोन इमारतींच्या मध्ये एकच वावर उरलंय, त्याचा मालक अजून त्यात कपाशी लावतो. परवा सकाळी चहा घेताना पाहिलं, तिथे बायका वाकल्या होत्या. डोक्याला फडकी, पोटाला ओटी. त्यांच्या मागे दहा मजले उंच परांच्या बांधलेल्या आणि परांच्यांवर तशीच डोक्याला फडकी बांधलेली माणसं. ऊन वर आलं तसा कापूस तापल्याचा वास आला असावा असं मला वाटलं. चौथ्या मजल्यावर तो येणं शक्य नाही. वाळत घातलेले कपडे उन्हातून काढून तोंडाशी धरावेत तसा तो वास असतो, त्यात थोडी धूळ मिसळलेली.

त्या वासाबरोबर मला नेहमी एक आवाज आठवतो. दुर्गाचा.

दुर्गा लताची थोरली. त्या वर्षी वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होती. सुट्टी असली की आईबरोबर वावरात यायची. तिला स्वतःची पात नसे. दोन बायकांच्या मधून चालायची आणि दोन्हीकडची खालची, वाकायला त्रास होणारी बोंडं वेचायची. हात खाली आणि तोंड वर. टँकरवर काय लिहिलंय, खताच्या गोणीवर काय लिहिलंय, एसटीच्या पाटीवर काल कोणतं अक्षर पुसलं होतं, हे सगळं ती मोठ्याने सांगायची. वाचता यायला लागून तिला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे जगात जिथे जिथे अक्षर आहे ते तिच्यासाठीच कुणीतरी ठेवलंय असं तिला वाटत असावं. आणि प्रत्येक वाचण्याच्या शेवटी तिचा एक प्रश्न असायचा. म्हंजे काय?

“आता गोनीला इचार म्हंजे काय ते,” कौसाबाई म्हणायची. “माझं डोकं खाऊ नको.”

“तुला मालूम नाय म्हन की मंग.”

“नाय मालूम. मला मालूम असतं तर म्या तुझ्या आईसंगट कापूस येचला असता व्हय?”

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, तोंड खाली करून.

एका दुपारी जेवणं चालली होती. बाभळीची सावली विरळ, भाकरीवर तिची जाळी पडलेली. ड्रममधल्या पाण्याला प्लास्टिकचा वास होता, तरी सगळ्या ते पुरवून पीत होत्या. काकांच्या फोनवर मेसेज वाजला. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी फोन दुर्गासमोर धरला. “वाच गं, कुणाचंय.”

तिने उभी राहून वाचलं, शाळेत कविता म्हणतात तसं. शेतीखात्याकडून आलेला सल्ला होता. बोंडअळीसाठी काय फवारावं ते होतं आणि शेवटी एक ओळ होती, फवारणी केलेल्या शेतात मजुरांनी काही दिवस प्रवेश टाळावा.

“प्रवेश टाळावा म्हंजे काय?”

“म्हंजे जाऊ नये,” काका म्हणाले आणि फोनसाठी हात पुढे केला.

कौसाबाईचा घास हातातच राहिला. “मंग आमी काल कुठं व्हतो?”

आदल्या दिवशी आम्ही ओढ्याच्या कडेच्या वावरात होतो, आणि तिथे नुकतीच फवारणी झाली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. औषधाचा वास अजून होता तिथे. लताने आपले हात उलटे करून पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे होते. “म्या म्हनलं उन्हानं आग व्हतीया,” ती हळूच म्हणाली.

“आता चौथीतली पोरगी मला शेती शिकवणार,” काका म्हणाले. ते हसण्यावारी नेत होते, पण कान लाल झाले होते. जेवणं झाल्यावर मात्र ते ओढ्याकडे वळले नाहीत. विहिरीवरच्या वावराकडे हात करून म्हणाले, “चला, ते उरकून घेऊ आधी.” बायका उठल्या, फडकी झटकली आणि तिकडे निघाल्या. कुणी जिंकल्यासारखं चाललं नाही. दुर्गा पुढे पळाली, तिला विहिरीजवळच्या मोटारीच्या पेटीवरचं लाल अक्षर वाचायचं होतं.

मी तेव्हापासून त्या दुपारचा पुष्कळ वेळा विचार केलाय. असे मेसेज काकांच्या फोनवर आधीही येत असणार. बायकांच्या हातांची आग आधीही होत असणार, आणि तिला त्यांनी कारणंही दिलेली होती, ऊन, कापसाची कूस, वय. ही दोन टोकं एकमेकांपासून दहा पावलांवर असून कधी भेटली नव्हती. मध्ये फक्त एका मुलीने मोठ्याने वाचायचं आणि न कळलेलं विचारायचं बाकी होतं. शिक्षणाने शेतीत काय फरक पडतो यावर मी कॉलेजात इंग्रजीतून एक निबंध लिहिला, त्याला बरे गुण मिळाले. त्यात ही दुपार नव्हती. कशी लिहावी ते मला कळलं नव्हतं.

त्या वर्षी कापूस लवकर संपला. एरवी वेचणीत शाळेचे अर्धे बाक रिकामे असतात, पोरं आयांबरोबर वावरात असतात. त्या वर्षी वेचायलाच काही उरलं नाही आणि वर्ग भरले. वस्तीवरचे गुरुजी संध्याकाळी काकांच्या ओट्यावर येऊन बसत. काका सांगतात, एकदा म्हणाले, “सांगायला बरं वाटत नाही, पण दुष्काळाने माझी पोरं मला परत दिली.” संक्रांतीनंतर विहिरी आटल्या, माणसं कामासाठी शहराकडे निघाली आणि दुष्काळाने ती त्यांच्याकडून पुन्हा काढून घेतली. दुर्गा आजीपाशी राहिली म्हणून तिची शाळा चुकली नाही. तिचे आईवडील, लता आणि अंकुश, आमच्या शहरात आले. आमच्या घरापासून जवळच एक इमारत उभी राहत होती, तिथे.

एका रविवारी ते दोघे आमच्याकडे आले. बाबा आणि अंकुश गावात एकाच आळीत वाढलेले. लता फरशीवर बसली, आईने सोफ्यावर बस म्हटलं तरी. माझी परीक्षा जवळ आली होती आणि मी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसले होते. मी उठून पाणी दिलं, चहा दिला आणि परत जाऊन बसले. एवढंच. पण मान वर केली तेव्हा अंकुश माझ्याकडेच बघत होता.

“कोन्त्या शाळंत घातलं व्हतं हिला?” त्याने बाबांना विचारलं.

बाबांनी नाव सांगितलं. ते नाव सांगताना त्यांचा आवाज अजूनही जरा बदलतो. कंपनीत त्यांच्या वरचे साहेब इंग्रजीत बोलायचे आणि बाबा मान हलवायचे. माझ्या मुलीला कुणासमोर नुसती मान हलवावी लागू नये, एवढ्यासाठी त्यांनी मला तिथे घातलं.

“बग,” अंकुश लताला म्हणाला. “आल्यापसनं एक सबूद नाय. कसं गुमान बसून वाचती. आन आपली? सकाळधरनं टकळी चालू.”

“शाळंचा फरक हाय,” लता म्हणाली. तिच्या आवाजात हेवा नव्हता, हिशोब होता. काहीतरी ठरत होतं तिथे, आमच्या फरशीवर, चहाच्या कपांमध्ये.

मला त्या दोघांची चूक म्हणवत नाही. दिवसभर सिमेंट वाहायचं, आणि समोरून सकाळी टाय लावलेली मुलं पिवळ्या गाडीत चढताना बघायची. त्या मुलांचे आईबाप ज्या घरांत राहणार ती घरं बांधायची. मग कुणालाही वाटेल की त्या गाडीतच काहीतरी आहे. त्या मुलांना घरी गेल्यावर अडलेलं विचारायला कोण असतं, हे रस्त्यावरून दिसत नाही. मला होतं. शेजारच्या काकू कॉलेजात शिकवायच्या. बाबांनी जाड शब्दकोश आणला होता आणि कामावरून आल्यावर ते माझ्याबरोबर शब्द शोधायचे, त्यांचं बोट पानावरून माझ्या बोटाच्या मागून फिरायचं. मी वर्गात विचारत नव्हते, पण घरी विचारत होते. बाहेरून दोन्ही सारखंच गप्प दिसतं.

इंग्रजीवर माझा राग नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. तिच्यावरच आता माझं पोट आहे. एका कंपनीचे कागद मी घरी बसून तपासते, कुणाशी फार बोलावं लागत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि लता-अंकुश वस्तीवर परतले. जूनमध्ये दुर्गाला फाट्यावर नव्या निघालेल्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे तिला एक वर्ग मागे बसवलं. दिवाळीत मी गेले तेव्हा ती मला दाखवायला आणली होती. खरंच, दाखवायलाच. केसांना पांढऱ्या रिबिनी, शाळा बंद असूनही गळ्यात टाय. काकूच्या ओसरीवर खांबाला टेकून उभी राहिली.

“ताईला म्हनून दाखव,” लता म्हणाली.

दुर्गाने भाज्यांची इंग्रजी नावं म्हटली. एका दमात, सपाट आवाजात, मेथीपासून भोपळ्यापर्यंत. कौसाबाईने गालावर हात ठेवून ऐकलं. “आपल्या वांग्याचं बी केवढं नाव झालं माय.”

मग काकांचा फोन वाजला. या वेळी चष्मा होता, पण सवयीने त्यांनी तो तिच्यापुढे केला. तिने पाहिलं. ओठ जरासे हलले. मग फोन परत दिला.

“काय म्हनतंय?” कौसाबाईने विचारलं.

“काय नाय.”

कौसाबाई समाधानाने लताकडे वळली. “बग. शाळा लागू पडली.”

औषध लागू पडतं तसं म्हणाली ती. लताचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा माझ्याच्याने विसरवत नाही. त्यात खोटं काहीही नव्हतं. उन्हातान्हात वेचलेल्या कापसातून जे हवं होतं ते तिला समोर, रिबिनी बांधून उभं दिसत होतं.

मला दिसत होते दुर्गाचे खांदे. ते थोडे पुढे आले होते आणि तिची नजर फरशीच्या एका चिरेवर होती. ती नजर मला ओळखीची आहे. समोरचा प्रश्न आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून माणूस एक जागा शोधतो आणि तिथे डोळे ठेवतो, प्रश्न पुढे सरकेपर्यंत. वर्गात माझी जागा म्हणजे बाकावरचा एक खिळा होता. चुकण्याची भीती वाटायला लागली की जीभ कशी जड होते, हे मला कुणी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी हौदाजवळ होतो. ती भांडी विसळत होती, तिची वही काठावर होती. मी उघडून पाहिलं. प्रत्येक उत्तराखाली रेघा मारलेल्या, अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरून उतरवलेलं. एका ओळीवर बोट ठेवून मी तिला विचारलं, “म्हंजे काय?” तिचाच शब्द, तिच्याच पद्धतीने. ती हसेल असं मला वाटलं होतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू मला समजावलं, “असं इचारत नसत्यात, ताई.”

“कुणी सांगितलं?”

“कुनी नाय. मराठीत इचारलं की उभं करत्यात. इंग्रजीत इचारायचं येत नाय.” मग, जणू मला धीर देत, “उत्तर फळ्यावर असतंच की.”

ती पुन्हा भांड्यांकडे वळली. हौदातलं पाणी हिरवं होतं आणि त्यात कपाशीचं एक वाळकं पान फिरत होतं.

त्या वर्षी वावरात पात चालली तेव्हा फार शांत वाटलं. पीक चांगलं होतं, बोंडं मोठी, कापूस हाताला लागताच सुटायचा. दुर्गा एका बाजूने आली आणि मोठ्या बाईसारखी गुमान वेचत राहिली. खताच्या गोण्या बांधावर तशाच पडल्या होत्या. त्यांच्यावर काय लिहिलंय ते कुणी कुणाला सांगितलं नाही. “लई गुणाची झाली,” बायका म्हणत होत्या. मी माझ्या मागच्या पातेत वाकून होते आणि मला वाटत होतं, या वावरात आता आम्ही दोघी आहोत.

आणि आता यंदाची दिवाळी. पिशोरच्या गाडीत खिडकीला बसून मी बाहेर पाहत गेले. फुलंब्रीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाळे, लॉन्स, प्लॉटचे फलक. पुढे जमीन मोकळी झाली तशी ती किती कोरडी आहे ते दिसलं. अद्रकीचे वाफे नव्हतेच. कपाशी गुडघ्याएवढी.

काकूचा हात आता बरा आहे, थंडीत ठणकतो. दुपारच्या सुट्टीत बायका पाणी प्यायला ओसरीवर आल्या. गुरुजी आधीच येऊन बसले होते, त्यांना लताशी बोलायचं होतं. लताची धाकटी, सोनी, यंदा चौथीत आहे. वस्तीची शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये सोनीलाही पिवळ्या गाडीत बसवायचं, असं अंकुशने ठरवलंय.

“मी सांगतो ते ऐका,” गुरुजी म्हणाले. “दोघींना पिशोरला घाला. मराठी शाळा आहे, एसटी दारात येते. दुर्गाचं वर्ष गेलं तर जाऊ द्या, पण तिला कळेल अशा भाषेत शिकू द्या. ही पोरगी चौथीत माझ्याकडे अख्खा पेपर वाचायची.”

“गुरुजी, राग नगा येऊ देऊ,” लता म्हणाली. “तुमची पोरं कोन्त्या शाळंत शिकली?”

गुरुजींनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. त्यांची दोन्ही मुलं शहरात इंग्रजी शाळेत शिकली, हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. “तेही खरंच आहे,” ते म्हणाले.

“तुमी तुमच्या पोरांचं भलं बगितलं. मला माझ्या पोरींचं बगू द्या. म्या जलमभर कुनाच्या तरी पातंत वाकले. ह्या दोघी नाय वाकनार.” ती शांतपणे बोलत होती. तिच्या बोलण्यात एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

सोनी या सगळ्यात काकांच्या खुर्चीच्या हातावर लोंबकळत त्यांचा फोन वाचत होती. “सावधानतेचा इशारा म्हंजे काय वं काका?”

“अगं जरा गप बस की,” लता तिच्यावर ओरडली. मग आवाज खाली आणून कौसाबाईला म्हणाली, “हिला तर आधी घालाया पायजे त्या शाळंत. दुर्गी बग कशी झाली.”

दुर्गी खांबाजवळ बसली होती. आता उंच झालीय. नजर फरशीच्या त्याच चिरेवर.

“ताईला इचारा ना,” कौसाबाई म्हणाली. “ती शिकल्याली हाय त्या शाळंत. ती सांगंल खरं काय ते.”

सगळे माझ्याकडे वळले. लता, गुरुजी, काकू दारातून. मी मांडीवरच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते.

“तिला काय विचारता?” काका हसले. “ती बोलणार आहे का कधी? तिचं मौनव्रत असतं.”

बायका हसल्या, मायेने. नेहमीप्रमाणे प्रश्न पुढे सरकणार होता. गुरुजी टोपी घालून उठण्याच्या बेतात होते. कौसाबाईने फडकं डोक्याला बांधायला घेतलं. मी फरशीकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की मी दुर्गाच्याच चिरेकडे पाहत होते. ती चीर तिच्याकडून निघून ओसरीभर वाकडीतिकडी जात माझ्या पायाशी येते. तिने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की मला कळलंय. तिच्या डोळ्यांत विनवणी होती की नको म्हणणं होतं, मला सांगता येणार नाही.

सोनी पुन्हा म्हणाली, “सांगा ना, सावधानतेचा इशारा म्हंजे काय?”

आवाज निघाला तो मला अनोळखी वाटला, पण निघाला.

“लतामावशी,” मी म्हणाले, “मी शाळेमुळे गप्प नाहीये. चुकेन अशी भीती वाटते म्हणून मी गप्प असते, लहानपणापासून. दुर्गा पण त्यामुळेच गप्प आहे. ती अशी नव्हती. तिला तिथलं काही कळत नाहीये, आणि विचारायची भीती वाटते. हवं तर आत्ता विचारा तिला. मी बसते तिच्याजवळ.”